स्थळ पाहून समाधान व्यक्त केले

दोन महान देशांच्या मैत्रीने पवनीच्या इतिहासावर एकदा कायमचा ठसा उमटवला, आणि तो उमटत असताना मी तिथे हजर होतो. आता पवनीला इतिहासाची टंचाई कधीच नव्हती. किल्ल्याचा दरवाजा आहे, खंदक आहे, वैनगंगेचे घाट आहेत, मोजताना चुकावं इतकी देवळं आहेत आणि बुद्धाच्या काळाशी नातं सांगणारी एक टेकडी आहे. अशा गावात नवा ठसा उमटवायचा तर मोकळी जागा कुठे आहे, हाच प्रश्न होता. जागा शेवटी खानावळीत मिळाली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पवनीच्या शाळेत मराठी शिकवत होतो. घर अड्याळला, बायको, आईवडील, धानाची शेती सगळं तिकडे. शनिवारी शाळा सुटली की एस.टी.ने अड्याळ गाठायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असं चाललं होतं. मधले दिवस जेवणाची सोय बाहेर.

पवनीत तेव्हा बाहेर खाण्याच्या दोन जागा होत्या. एक स्टँडसमोरचं हॉटेल. तिथे आलूबोंडा आणि चहा हे दोनच पदार्थ मिळत आणि दोघांनाही एकमेकांचा वास येई. दुसरी त्याच्या मागच्या गल्लीतली खानावळ. हौस म्हणून बाहेर जेवायला जाणारा माणूस मी तरी पवनीत पाहिला नव्हता. बाहेर जेवणं ही चैन नसून आपत्ती समजली जाई. 'बिचारा खानावळीत जेवते' असं माझ्याबद्दल बायका हळहळून बोलत. हळहळणाऱ्यांपैकी कोणीही मावशींच्या हातचा वडाभात खाल्लेला नव्हता, एवढंच मी सांगू शकतो.

मावशी म्हणजे खानावळ चालवणाऱ्या बाई. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. चुलीपुढे त्या, आणि पंगतीत वाढायला त्यांची एकुलती मुलगी. मुलगी माझी विद्यार्थिनी. मॅट्रिक चांगल्या मार्कांनी झाली होती आणि तिला भंडाऱ्याला जाऊन मास्तरकीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. मावशींचं म्हणणं, आधी लग्न. मग नवऱ्याने शिकवलं तर शिक. यावर दोघींची वर्षभर धुसफूस चालू होती. शेवटी एक दिवस मला साक्षीला बसवून तह झाला.

"तीन स्थळं पाहू," मावशी म्हणाल्या. "तिनात जमलं त ठीक. नाई जमलं त भर तुवा तो फारम अन् जा भंडाऱ्याले. मी आडवी नाई येत."

"तीनच?" मुलीने विचारलं.

"तीनच. गुरुजी आयकून राहिले."

मी ऐकून राहिलो होतो, कारण माझ्या तोंडात घास होता.

पहिलं स्थळ दिवाळीनंतर लाखांदूरकडून आलं. मुलगी जरा उंच आहे, असं ते लोक म्हणाले. मुलगा उभा राहिला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. दुसरं तुमसरचं, मुलगा राईस मिलमध्ये मुनीम. पण मुलाला सीझनमुळे सवड नव्हती, म्हणून त्याचा काका आला. काकाने पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले, चहा घेतला, मुलीला चालून दाखवायला सांगितलं, आणि गेला. मग पत्र आलं नाही.

"दोन झाले, सर," मुलगी माझ्या ताटात भात वाढताना म्हणाली. "एक राहिलं." परीक्षेतले अवघड पेपर सुटल्यावर पोरं बोलतात, तसा सूर होता. पण तिसऱ्या पेपरचं भय तिच्या चेहऱ्यावर दिसे. तिसरं स्थळ चांगलं निघालं, तर भंडारा संपलं.

या घरगुती भानगडीत रशिया कसा शिरला, ते सांगतो.

त्या वेळी रशियाहून एक गुळगुळीत कागदाचं मासिक अगदी स्वस्तात घरपोच येत असे. मी ते मागवायचो. वाचायचो मी आणि खानावळीतली ती मुलगी. बाकी शाळेचा रस त्याच्या कागदात होता. निम्म्या वर्गाच्या वह्यांना ट्रॅक्टर चालवणाऱ्या हसऱ्या बायकांची कव्हरं होती. माझी आणि रशियाची ओळख एवढीच. पण पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, ज्यांना सगळे बीडीओ साहेब म्हणत, त्यांच्या मुलाच्या वहीलाही तसंच कव्हर होतं. त्यामुळे जिल्ह्याच्या कार्यालयातून जेव्हा पत्र आलं, तेव्हा साहेबांना मी रशियाचा तज्ज्ञ म्हणून आठवलो.

पत्र असं, की शेजारच्या राज्यातल्या पोलादाच्या कारखान्यात काम करणारे एक सोव्हिएत इंजिनिअर पत्नीसह नागपूरला चालले आहेत. वाटेत त्यांना पवनी पाहायची इच्छा आहे. त्यांच्या स्थळदर्शनाची आणि भोजनाची व्यवस्था व्हावी. साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले होते, मराठी शुद्ध बोलत, आणि दोन वर्षं एवढ्याच प्रसंगाची वाट पाहत होते. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी बैठक बोलावली. तिला 'स्थळदर्शन व भोजन उपसमिती' असं नाव दिलं. मुख्य समिती कोणती, हे मी विचारलं नाही.

बैठकीत पाहण्यासारख्या स्थळांची यादी झाली: दरवाजा, घाट, टेकडी. भोजनाचा प्रश्न मात्र अडला. डाकबंगल्याचा खानसामा रजेवर होता आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात परराष्ट्र संबंध बिघडण्याचा धोका होता. मी खानावळ सुचवली. साहेबांची बायको माहेरी गेली की त्यांचाही डबा तिथूनच जाई. त्यांनी ताबडतोब मान्य केलं.

"मी मावशींना सांगतो," मी म्हणालो.

"नको," साहेब म्हणाले. "निरोप ऑफिसमार्फत जाईल. पद्धत असते."

तर निरोप पद्धतीने गेला. तो नेणारा चपराशी इथलाच, रिटायरमेंटला टेकलेला, सांगितलेला शब्द खाली न पाडणारा माणूस. शनिवारी संध्याकाळी तो खानावळीत गेला, तेव्हा मी अड्याळच्या एस.टी.त होतो. सोमवारी सुटी होती, म्हणून मंगळवारी जीपनेच मला अड्याळला उचलायचं ठरलं होतं. चपराशी आणि मावशी यांच्यात काय बोलणं झालं, ते मी नंतर दोघांकडूनही ऐकलं. दोन्ही बाजू जुळत होत्या, म्हणजे खरंच असावं.

"मावशी, मंगळवारी पाहुणे येऊन राहिले जी. स्थळ पाहाले. जेवन तुमच्याकडे."

"बाप्पा. कोनं सांगतलं?"

"साहेबानं. म्हने, तयारी चांगली ठेवाले सांग. आपली मान खाली गेली नाई पायजे."

"कुठचे हायेत?"

"लांबचे. गावाचं नाव सांगतलं होतं, पन ते माह्या तोंडात नाई बसत."

"नागपूरच्या तिकडचे?"

"तिकडचेच. आनखी समोर."

"करते काय?"

"इंजिनियर."

मावशी चुलीजवळच्या पाटावर बसल्या. दोन वर्षं डबा खाल्लेल्या मोठ्या माणसाने उपकार फेडायचं मनावर घेतलं आहे, आणि आपल्या पोरीसाठी इंजिनिअरचं स्थळ आणलं आहे, याहून वेगळा अर्थ त्या निरोपातून निघत नाही. मी पंचवीस वर्षं भाषा शिकवली आहे. मलाही काढता आला नसता. स्थळ पाहायला पाहुणे येतात, ते मुलीच्या घरी येतात. टेकड्या पाहायला पवनीत तोवर कोणी आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी जीप साहेबांना आणि पाहुण्यांना घेऊन अड्याळला आली. आम्ही स्वेटर, मफलर, कानटोप्या घालून कुडकुडत होतो. साहेबांनी सूट घातला होता. जीपमधून इंजिनिअर उतरले ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, आणि त्यांनी घाम पुसला. पन्नाशीचे, दांडगे, अबोल. त्यांची पत्नी ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सोबत एक तरुण दुभाष्या: चष्मा, भांग, पॉलिशचे बूट. तो रशियनचं हिंदी करायचा, साहेब हिंदीचं मराठी करायचे, आणि मराठी सगळ्यांना येत असल्यामुळे तिथे काम थांबायचं.

त्या बाई सैबेरियातल्या एका जिल्ह्याच्या गावी तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. मी शिक्षक आहे हे कळल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि वर्गात मुलं किती, असं विचारलं. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी दुभाष्याला पुन्हा विचारायला लावलं.

आधी दरवाजा पाहिला. साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून इतिहास सांगितला, तो दरवाज्यापेक्षा बराच मोठा होता. मग घाटावर गेलो. भूगोलाच्या बाई थेट शेवटच्या पायरीवर जाऊन बसल्या, वैनगंगेत हात बुडवला आणि तसाच ठेवला. म्हणाल्या, आमच्या नदीवरून आत्ता ट्रक जात असतील.

"तिकडे पुलांची सोय उत्तम आहे, असं त्या म्हणतात," साहेबांनी आम्हाला सांगितलं.

शेवटी टेकडी. तिथे काही वर्षांपूर्वी उत्खनन झालं होतं. जे निघालं ते बाहेरगावी गेलं, उरलं ते पुन्हा मातीखाली. इंजिनिअर बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्या दिवसाचा पहिला प्रश्न विचारला: ते अवशेष कुठे आहेत?

"आपण त्यांच्यावरच उभे आहोत," साहेब गंभीरपणे म्हणाले. इंजिनिअर दोन पावलं बाजूला सरकले.

उतरताना मी बाईंना विचारलं, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, फारसं काही नाही. एक नदी. लाकडी घरांची एक जुनी गल्ली. चौकात एक पुतळा, एक हात वर केलेला. आमची पोरं म्हणतात तो बस थांबवायला हात दाखवतोय. कोणी पाहुणा आला की आम्ही आधी पुतळा दाखवतो, मग गल्ली, मग नदी. तोवर तो गारठतो, मग स्टँडजवळच्या कँटीनमध्ये नेऊन गरम सूप पाजतो. परत गेल्यावर पाहुणा पत्र लिहितो. त्यात फक्त सूपाबद्दल लिहिलेलं असतं.

मासिकात मी रशियाची धरणं वाचली होती, भट्ट्या वाचल्या होत्या, अंतराळात गेलेली माणसं वाचली होती. रशियात पवनी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. फार बरं वाटलं.

खानावळीशी जीप थांबली. दारात रांगोळी होती. आतली बाकं गायब. सतरंजी, त्यावर धुतलेली चादर. मावशी नवं पातळ नेसून उंबऱ्याशी उभ्या. आतिथ्याची ही तयारी पाहून साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मावशींनी मला बाजूला घेतलं.

"मामा नाई आला जी. त्याचे धान चुरून राहिले, मळनी सोडून येता येत नाई म्हने. तुमीच बसा मामाच्या जागी."

मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. शिक्षकाला ही सवय लागते.

सगळे सतरंजीवर बसले. मावशींनी दाराआडून पंगत निरखली आणि मला पुन्हा हाक मारली.

"पोरगा कोनता, तो चष्म्यावाला?"

"हो," मी म्हणालो. पोरगा तोच होता. बाकीचे पन्नाशीचे होते.

"अन् हे गोरे? त्याचे साहेब असतीन."

"तसंच म्हणा."

"साहेबाले घेऊन आला. वजन हाये पोराचं."

हे बोलणं मला विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं ते पुढच्या क्षणी, जेव्हा स्वयंपाकघराचा पडदा सरकला आणि मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. रोज परकर-पोलक्यात धावत वाढणारी ती मुलगी साडी नेसली होती, केसात अबोली होती आणि नजर ट्रेवर होती. ती एकेक पाऊल मोजून टाकत होती. रोज जेवणाऱ्याला पोहे देत नाहीत, आणि जेवणाच्या आधी तर नाहीच. पोहे, साडी, मामाची जागा, पोरगा कोणता: माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं. तोवर उशीर झाला होता. भूगोलाच्या बाईंनी मुलीला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं होतं आणि दुभाष्याला काही सांगत होत्या.

दुभाष्याने चष्मा सारखा केला. "आपका नाम क्या है?"

मुलीने सांगितलं. पडद्यामागे पळी वाजली.

"कहाँ तक पढ़ी हो?"

"मॅट्रिक."

"आगे क्या करने का इरादा है?"

पडद्यामागचा आवाज बंद झाला. अशा वेळी काय उत्तर द्यायचं, ते प्रत्येक मुलीला आई आदल्या रात्री शिकवून ठेवते: मोठी माणसं ठरवतील तसं. मुलीने पहिल्यांदा मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फुलाफुलांच्या रुमालाकडे. मासिक वाचणारी होती. असले रुमाल तिने ट्रॅक्टरवर पाहिले होते. मला वाटतं, त्या क्षणी तिला बरंच कळलं.

"मास्तरीण व्हायचं आहे," ती म्हणाली. "भूगोल शिकवायचा आहे. इनको पूछिए, नदी जम जाती है तो मछली कहाँ जाती है?"

दुभाष्याने विचारलं. बाईंनी टाळी वाजवली. मग पोह्याची बशी हातात घेऊन त्यांनी बर्फाखालचं पाणी, मासे, बर्फाला भोक पाडून बसणारे म्हातारे, सगळं समजावून दिलं. हिंदी होईपर्यंत त्यांना धीर नव्हता. त्या हातांनीच सांगत होत्या आणि मुलीला हातांनीच कळत होतं. इंजिनिअरने मध्येच दुभाष्याच्या कानात काही सांगितलं. दही मिळेल का, असं ते होतं. मावशींनी वाडगाभर दही पाठवलं. नवरा-बायकोने ते पोह्यांवर ओतलं, कालवलं आणि मनापासून खाल्लं. आमच्याकडे पोह्यांवर तर्री घालतात, शेव घालतात, सांबार म्हणजे कोथिंबीर घालतात. दही घालताना पाहून चपराशाने तोंड फिरवलं.

खाणं संपल्यावर बाई काही बोलल्या. दुभाष्या म्हणाला, "इनको ये जगह बहुत पसंद आई।"

साहेब उठून उभे राहिले, सूट खाली ओढला आणि खणखणीत शुद्ध मराठीत जाहीर केलं: "पाहुण्यांना स्थळ अतिशय पसंत पडलं आहे."

पडदा सरकला. मावशी बाहेर आल्या, हात जोडले आणि रडायला लागल्या. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला कळलं होतं ते खरं की आईला कळलं होतं ते, याचा तिलाच आता भरवसा वाटेना. बाईंनाही गहिवरून आलं. पोह्याचं कौतुक केल्यावर रडणारे लोक त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी मावशींना मिठी मारली. साहेबांनी मला हळूच सांगितलं, "यालाच म्हणतात मैत्री."

मी मावशींना चुलीजवळ नेलं आणि सांगितलं. थोडक्यात सांगितलं, कारण लांबवण्यासारखं काही नव्हतं. पाहुणे रशियाचे. इंजिनिअर तो म्हातारा. चष्म्यावाला बोलणं सांगायला आहे. स्थळ म्हणजे टेकडी.

मावशींनी कढी चुलीवरून उतरवली.

"टेकडी," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिच्यात काय हाये पाहाले?"

"काही नाही."

"मंग माह्या पोरीत त काही होतं," त्या म्हणाल्या, डोळे पुसले आणि पळी उचलली. "जाऊ द्या. आता उपाशी थोडी पाठवाचे हायेत. पानं मांडा."

वडाभात, कढी, वांग्याचं भरीत, सांबारवडी. इंजिनिअरने मिरचीचा ठेचा भाजी समजून चमच्याने खाल्ला. मग घाम पुसायचं त्यांनी थांबवलं, कारण आता पुसून उपयोग नव्हता. निघताना बाईंनी पर्समधून एक चित्राचं कार्ड काढून मुलीला दिलं: पांढरी नदी, तिच्यावर छोटासा ट्रक.

जीप गेली, धूळ बसली आणि खरं भांडण सुरू झालं.

"हे स्थळ मी धरत नाई," मावशी म्हणाल्या.

"काहून नाई? पोहे झाले. नाव इचारलं, शिक्षन इचारलं. सगळ्यांदेखत पसंतबी सांगतली. आनखी काय रायते?"

"अवं, पोरगाच नव्हता त्याच्यात."

"तुमसरच्या वक्ती तरी कुठं होता? काकाच आल्ता. ते धरलं तुवा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी वरणाकडे पाहिलं. न्यायाच्या दृष्टीने मुलीची बाजू भक्कम होती. पण मी ज्याच्या घरी जेवतो त्याच्याविरुद्ध निकाल देत नाही.

"गुरुजी, तुमीच सांगा जी. हे स्थळ व्हय का नोव्हय?"

"विचार करावा लागेल," मी म्हणालो.

विचार करायला पंधरा दिवस मिळाले. त्या पंधरा दिवसांत मुलगी माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. भात मात्र वाढत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं. मग साहेबांनी भेटीचा अहवाल लिहिला. पाच पानांचा. भाषा तपासायला तो माझ्याकडे आला. दोन प्राचीन संस्कृती, अतूट धागे, वैनगंगा आणि व्होल्गा यांचा संगम, जो भूगोलाने आजवर होऊ दिलेला नाही. मी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत शेवटच्या पानावर आलो. तिथे वाक्य होतं: 'पाहुण्यांनी पवनी येथील स्थळे पाहून समाधान व्यक्त केले. पुढील कोणत्याही कार्यवाहीची आवश्यकता नाही.'

मी ते दोनदा वाचलं. मग लाल पेनाने 'स्थळे'वरची मात्रा काढली.

उभ्या आयुष्यात सरकारी कागदात मी केलेली ही एकच ढवळाढवळ. साहेबांनी टंकलिखित करून सही केली, शिक्का मारला आणि उपसमितीचा सदस्य म्हणून एक प्रत मला पाठवली. ती घेऊन मी जेवायला गेलो. मावशींना छापील अक्षर वाचता येई. सावकाश, बोट ठेवून. मी शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"पवनी येथील... स्थळ... पाहून... समाधान... व्यक्त केले." त्या थांबल्या. "हे साहेबानं लिवलं?"

"सही आहे."

"पुढील... कोनत्याही... कार्यवाहीची... आवश्यकता नाही." बोट पूर्णविरामावर टेकलं. मावशींनी सुस्कारा सोडला. "म्हंजे नकारच हाये. मोठ्या लोकायचा नकार असाच रायते. समाधान म्हनतेत अन् मंग काई कळवत नाईत."

"तुमसरवाल्यासारकं," मुलगी आतून म्हणाली.

"तू चूप बस." मग शिक्क्यावरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, "तीन झाले मंग. गुरुजी, तो फारम कधी रायते?"

आयुर्वेदात मात्रा दिल्यावर लागू पडते. ही काढल्यावर पडली.

जूनमध्ये मी तिला एस.टी.त बसवून दिलं. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर सतरंजीची वळकटी. त्या दिवशीचीच सतरंजी. मावशी स्टँडवर आल्या नाहीत, चुलीवर भात होता म्हणे. गाडी वळताना मागे पाहिलं तर त्या गल्लीच्या तोंडाशी हातात पळी घेऊन उभ्या होत्या. ट्रेनिंगनंतर पोरगी पवनी तालुक्यातल्याच एका शाळेत लागली. गुरुजी म्हणून माझं काही चुकलं असेल, तर तिच्या वर्गात ते दुरुस्त झालं असावं. तिच्या वर्गातल्या पोरांना नदीचं बर्फ झाल्यावर मासे कुठे जातात हे माहीत असे, आणि त्या पोरांनी बर्फ बाहेर गोळेवाल्याच्या गाडीवर तेवढं पाहिलेलं होतं. लग्नही पुढे झालं, तिने स्वतः ठरवलं तेव्हा. पाहायला मुलगा स्वतः आला. पोह्यांवर दही घातलं, म्हणून मावशींनी पसंत केला.

कारण दह्याचा प्रकार तोवर रुळला होता. त्या मंगळवारची गोष्ट गावभर झाली, आणि लोक मुद्दाम 'रशियावाले पोहे' मागायला येऊ लागले. पवनीत माणसं हौसेने बाहेर खायला लागली ती तेव्हापासून. पहिल्या दिवाळीच्या सुटीत मुलीने नवी पाटी रंगवली: जेवण, वडाभात, रशियन पोहे. अक्षर सुरेख, एकही मात्रा चुकलेली नाही.

तर तो ठसा हा. त्यानंतर साहेबांची बदली झाली, मासिक बंद झालं आणि पुढे तो देशही राहिला नाही. पाटी आहे. रशियन पोहे अकरापर्यंत मिळतात. दही संपलं की साधे देतात.